उचल ना रे

८ सप्टेंबर

ताई,

पार्सल फोडताना कात्री जपून चालव. आत आमची तबकडी आहे. नुसतीच पाठवली असती तर तू म्हणाली असतीस, मेल्याला दोन ओळी खरडता आल्या नाहीत. म्हणून हे पत्र.

तर झाली एकदाची. 'जड पाणी' या आमच्या बँडचा पहिला अल्बम, 'तळघरात सूर्य'. कव्हरवरचा तो नारिंगी गोळा म्हणजे सूर्य आहे. ठोक्याच्या आईला ते संत्रं वाटलं आणि तेव्हापासून आमचा ड्रमर घरात तोंड लपवून फिरतो. टायरच्या दुकानाखालच्या त्या ओलसर तळघरात किती वर्षं घासली ते तुला माहीतच आहे. वर रबराचा वास, खाली आमचा धूर, आणि मध्ये दुकानदाराच्या शिव्या. त्या दुकानदाराचेही कव्हरवर आभार मानलेत.

चारच गाणी आहेत. पण एकेक एवढं लांब की तेवढ्यात तुझ्या लॅबमध्ये एक कवळी घासून तयार होईल. आईला फोनवर स्टोनर रॉक म्हणजे काय ते सांगताना माझी पुरेवाट झाली. तिनं काळजीनं विचारलं, दगडफेक करता का रे स्टेजवर? मी तिला म्हटलं, एकच जाडजूड चाल इतक्या वेळा वाजवायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण खोल पाण्यात हळूहळू खाली चाललोय आणि तरी गुदमरत नाही. ती म्हणाली, बरं, जेवतोस ना वेळेवर?

२३ तारखेला प्रकाशनाचा कार्यक्रम आहे. आईला नक्की पाठव, तिच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवतो. बसचं तिकीट मी काढतो आणि उतरवून घ्यायला लांबू जाईल. तोच तो, बास वाजवणारा, ज्याला आपल्या दारातून वाकून यावं लागायचं. तुलाही जमलं तर बघ.

आणि हो, शेवटचं गाणं घाईत ऐकू नकोस. त्याचं नाव 'जिना'. त्यात तुझ्यासाठी काहीतरी आहे. काय ते आत्ता सांगत नाही.

तुझा,
बारक्या


१५ सप्टेंबर

बारक्या,

तुझं अक्षर कितीतरी वर्षांनी पाहिलं. अजून तसंच आहे, शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखं. तू लिहिलंस म्हणून मीही लिहितेय, नाहीतर फोन केला असता.

तबकडी आली. आईनं आधी ती दोन्ही हातांनी उजेडात धरून पाहिली, मग फडक्यानं पुसली, आणि मग समोरच्या वकीलकाकांना दाखवायला घेऊन गेली. त्यांनी कव्हर उलटं धरलं होतं म्हणे. हिनं सांगितलं नाही. म्हणाली, त्यांना छान वाटत होतं, कशाला मध्ये बोला.

आता अडचण अशी की आपल्याकडे ती वाजवायची कशावर? माझ्या शेजारच्या टेबलावर दातांचं मेणकाम करणारी जी मैत्रीण आहे, तिच्या नवऱ्याकडे जुना प्लेअर आहे. तो कोणाला हात लावू देत नाही, पण तिनं त्याला माझ्यासाठी राजी केलंय. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन ऐकणार. तोवर तुझं कोडं कोडंच राहू दे.

कार्यक्रमाला मात्र माझं येणं होणार नाही. लॅबमध्ये दोन दवाखान्यांचं काम एकदम आलंय. कालच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दात परत पाठवले, रंग फार पांढरा आहे, नातवंडं हसतात म्हणून. ते पुन्हा करायचेत. मालकांकडे रजेचं नाव काढायची सोय नाही. आई येईल. कानात कापूस घालून बस असं तिला बजावलंय. तिनं कपाटातली निळी साडी काढून ठेवलीय आणि रोज एकदा हात फिरवून येते.

बाबा असते तर त्यांनी तोंडावर काही म्हटलं नसतं, पण वकीलकाकांकडे दोनदा जाऊन आले असते.

त्यांच्या आजारपणातले दिवस आज फार आठवले. दुपारी आई-बाबांचा डोळा लागला की मी जिन्यात येऊन बसायचे आणि तुला फोन लावायचे. तू तालमीत असायचास, बहुतेक वेळा उचलायचा नाहीस. मग मी आपली निरोपाच्या मशीनशीच बोलायचे. तू ऐकतोस की नाही हेही विचारलं नाही कधी. कोणाजवळ तरी ठेवून आल्यासारखं वाटायचं, तेवढ्यावर संध्याकाळ निघायची. तू नसतास तर मी त्या वर्षांत वेडी झाले असते, हे तुला एकदा सांगायचं राहिलं होतं. ते निरोप अजून असतील तर पुसून टाक बाबा. त्या वेळी तोंडाला येईल ते बोलत होते मी. ते माझं मलाच आता ऐकवणार नाही.

खूप वाजवा. शेजाऱ्यांचा विचार करू नका.

तुझी,
ताई


२ ऑक्टोबर

बारक्या,

तू रविवारपासून फोन करतोयस ते मला दिसतंय. मी उचलणार नाही. यापुढे मी तुझ्याशी फोनवर बोलणार नाही आणि निरोपही ठेवणार नाही. माझा आवाज तुझ्या हाती द्यायचा नाही एवढं मी ठरवलंय. जे काही सांगायचं ते लिहीन.

रविवारी आम्ही तिघं बसलो होतो. मैत्रिणीनं चहा केला होता. तिच्या नवऱ्यानं तबकडी अशी काही ठेवली की जणू झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतोय. पहिली तीन गाणी ऐकताना मला तुझा अभिमान वाटत होता, हे खरं सांगते. मला त्यातलं काही कळत नाही, पण खिडकीची काच थरथरत होती आणि मैत्रीण मान डोलवत होती.

मग 'जिना' लागलं. बराच वेळ नुसता बास घुमत होता. मग एक बाई बोलायला लागली. आवाज जड, ताणलेला, विहिरीतून आल्यासारखा. मला आधी कळलंच नाही. मला वाटलं कोणी म्हातारी आहे. मग हळूहळू तो आवाज मूळ वेगावर आला, गिटार थांबली आणि ती बाई म्हणाली, "आज पुन्हा एकटीनं कुशीवर वळवलं त्यांना. पाठीची जखम धुतली. आई दाराशीच उभी राहते रे, आत येत नाही. कोणी भेटायला आलं की मात्र उशाशी बसते आणि डोळे पुसते. सगळं नाटक आहे. बाबा सुटले पाहिजेत आता. ते सुटले की मी सुटेन. उचल ना रे. उचल ना."

मग ते 'उचल ना रे' तुम्ही पुन्हा पुन्हा फिरवलंत, त्याच्यामागे ड्रम लावलात, आणि त्यावर तू गिटार वाजवलीस. छान वाजवलीस.

मैत्रिणीचा नवरा म्हणाला, बाईनं काम झकास केलंय, कोण आहे ही नटी? मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिनं उठून सुई उचलली. तो रागावला, असं मध्येच उचलू नये म्हणाला. मी घरी आले.

मी तुला पंधरा तारखेला लिहिलं होतं, पुसून टाक म्हणून. ते पत्र तुला कार्यक्रमाच्या आधी मिळालं असणार. तबकडी छापून झाली होती, ते मला समजतं. पण कार्यक्रमात ते न वाजवणं तरी तुझ्या हातात होतं ना? मी विश्वासानं तुझ्या कानात बोलले आणि तू ते अनोळखी माणसांना तिकीट लावून ऐकवलंस. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला.

मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. आईनं ते गाणं ऐकलं का? ती म्हणते, शेवटच्या गाण्याआधी गरम होत होतं म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले. पण तिथून आल्यावर साडी तिनं घडी न घालताच कपाटात ठेवलीय. असं तिनं कधी केलेलं नाही.

ताई


९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. तू रागावशील हे मला वाटलं होतं, पण इतकी रागावशील असं वाटलं नव्हतं.

आधी आईचं. स्टेजवरच्या दिव्यांमुळे पहिली रांग दिसतच नाही, सगळा काळोख असतो. ती बाहेर गेले म्हणते तर गेलीच असणार. शिवाय कानात कापूस होता. नंतर आत भेटायला आली तेव्हा नीट हसली, छान झालं म्हणाली, ठोक्याला त्याचे हात दुखत नाहीत का विचारलं. काही झालं असतं तर मला कळलं नसतं का? लांबूनं तिला बसपर्यंत सोडलं. तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

आता माझं ऐक. तुझे निरोप मी तेव्हा ऐकत नव्हतो, हे खरं आहे. ऐकायची हिंमत नव्हती. फोनवर तुझं नाव दिसलं की मी तो उलटा ठेवायचो. बाबा गेल्यावर मी एका दुपारी तळघरात एकटा बसून सगळे ऐकले. मी कसा भाऊ आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी जे वाजवलं ते 'जिना'. ते तुझ्यावरचं गाणं नाही, माझ्यावरचं आहे. न उचलणाऱ्यावरचं. माफी मागायची म्हणून केलं मी ते. मला बोलून मागता येत नाही, वाजवूनच येते. मला वाटलं होतं, तू ऐकशील आणि तुला कळेल.

तुझं नाव कुठेही नाही. आवाज एवढा बदललाय की ओळखणं अवघड. बँडमधल्या सगळ्यांना ते मान्य होतं. आणि लोकांना ते किती लागलंय म्हणून सांगू. कार्यक्रमात माणसं रडत होती. शेवटी सगळं सभागृह 'उचल ना रे' म्हणत होतं, आम्ही वाजवायचं थांबलो तरी म्हणत होतं. एक बाई मला येऊन म्हणाली की मी माझ्या आईची सेवा करताना हेच बोलायचे, पण कोणाला सांगायची लाज वाटायची. तुझ्यामुळे तिला मोकळं वाटलं. हे काही कमी आहे का? ठोक्यानं तर त्या तीन शब्दांचे टीशर्ट छापून घेतलेत, ते पहिल्या आठवड्यातच संपले.

एका मोठ्या कंपनीला अल्बम त्यांच्यातर्फे पुन्हा काढायचाय. फक्त 'जिना'मुळे. आमच्यासारख्यांना अशी दारं उघडत नाहीत, तुला माहीत आहे. आता तू नको म्हणालीस तर माझ्यासकट सगळ्यांचं बुडेल.

फोन उचल ना. पत्रात मला नीट बोलता येत नाही.

तुझाच,
बारक्या


२० ऑक्टोबर

ताई,

मी लांबू. तुमच्या घरी दोन-तीनदा जेवलोय, तुम्हाला आठवत असेन. तुमच्या भावाला न सांगता हे लिहितोय. मी आता बँडमध्ये नाही, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्नही उरलेला नाही.

गेल्या आठवड्यात तो तळघरात तुमचं पत्र घेऊन आला आणि वाचून दाखवायला लागला. त्याला आमची सहानुभूती हवी होती. मी मध्येच थांबवून विचारलं, म्हणजे ताईंना माहीतच नव्हतं? त्यावर तो गिटारच्या तारा पुसत बसला.

रेकॉर्डिंगच्या आधी मी त्याला स्पष्ट विचारलं होतं, बहिणीची परवानगी घेतलीस का. बास मी वाजवणार होतो, त्या बोलण्याच्या खालून. मला ते बोलणं ऐकून कसंतरी होत होतं. तो म्हणाला, घेतली. एवढंच म्हणाला असता तर एक वेळ ठीक होतं. पण त्यानं सांगितलं की तुम्ही फोनवर रडलात, आणि म्हणालात, माझं त्या वर्षांतलं काहीतरी कुठेतरी उरू दे. आम्हाला सगळ्यांना ते इतकं भिडलं की पुढे कोणी काही बोललं नाही. मला आता वाटतं, त्यानं हे वाक्य घरून तयार करून आणलं होतं.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही याचा मी फार विचार केला, कारण तुमच्या आईनं मला सांगू नको म्हटलं होतं. त्या बाहेर गेल्या नव्हत्या. स्टेजच्या ज्या कोपऱ्यात मी उभा असतो तिथून पहिली रांग दिसते. तुमचा आवाज सुरू झाला तेव्हा त्यांनी आधी एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या. आणि शेवटपर्यंत तो मुठीत धरून बसल्या. मागे सगळे लोक उभे राहून ओरडत होते. त्या एकट्या बसलेल्या.

त्यांना बसपर्यंत सोडायला मी गेलो. बसमध्ये चढताना म्हणाल्या, "ती बोलत होती ती माझी मुलगीच ना?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी ऐकलं हे तिला कळू देऊ नका. तिला वाईट वाटेल."

मी त्या गाण्यात वाजवलंय. त्याबद्दल तुमची माफी मागतो. दुसरं काय करता येईल ते मला सुचत नाही.

लांबू


२७ ऑक्टोबर

बारक्या,

लांबूचं पत्र आलं. त्याच्यावर डोळे वटारू नकोस, त्यानं केलं ते तू करायला हवं होतंस.

माझ्या तोंडी तू जे वाक्य घातलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. चांगलं वाक्य आहे. तुझी बहीण अशी बोलणारी असती तर तुझं काम सोपं झालं असतं. म्हणजे माझं खरं बोलणं तू मला न विचारता वापरलंस, आणि ते वापरता यावं म्हणून माझं खोटं बोलणं तयार केलंस. माफी मागायची होती म्हणतोस. मग माझ्याकडे मागायची होतीस, सभागृहाकडे कशाला मागितलीस?

आता घरातलं सांगते. पत्र वाचलं त्या संध्याकाळी आई वाळलेले कपडे घड्या करत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, आई, तू ते ऐकलंस हे मला कळलंय. तिनं हातातला टॉवेल पुरता घडी केला, पलंगावर ठेवला, आणि मग बोलली. मी ते जसंच्या तसं लिहिते, कारण तू काय केलंस ते तुला त्यातून कळेल.

ती म्हणाली, "मला त्या खोलीची भीती वाटायची. एवढा उभा माणूस तसा पडलेला मला बघवत नव्हता. एकटीनं आत पाऊल टाकायला गेले की पाय थांबायचे. कोणी भेटायला आलं की सोबत असायची, म्हणून तेव्हा यायचे. आणि आत आले की रडू यायचं. तुला ते नाटक वाटलं."

मग ती म्हणाली, "हे मला तोंडावर म्हणाली असतीस ना, तर मी तुझ्या हाताला धरून आत आले असते."

बारक्या, मी चुकीचं समजले होते. मी ते बोलले तेव्हा दमले होते, पाठीतून कळा येत होत्या, आणि मला जे दिसत होतं ते मी बोलले. अशी बोलणी घरोघर होतात आणि हवेत विरून जातात. दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या केसांना तेल लावलं असेल, मी तिची औषधं आणली असतील, आणि ते मनातूनही गेलं असेल. तू ते जाऊ दिलं नाहीस. धरून ठेवलंस, त्याला घुमारा दिलास, आणि तिला पहिल्या रांगेत बसवून ऐकवलंस. खुर्ची धरून ठेवतो म्हणाला होतास.

आता आई माझ्याशी पाहुण्यांशी वागावं तसं वागते. माझा चहाचा कप मी उचलण्याआधी स्वतः विसळून ठेवते. तिचे गुडघे दुखत असले तर विचारल्याशिवाय सांगत नाही. परवा म्हणाली, मी थोडे दिवस मावशीकडे जाऊन राहू का, तेवढीच तू सुटशील. 'सुटशील' हा शब्द तिनं कुठून उचलला ते मला कळलं. ती आता मी सुटण्याची सोय बघतेय.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. माझं बोलणं त्या गाण्यातून काढ. आणि बाकीचे सगळे निरोप, कुठे कुठे ठेवले असशील तिथून, पुसून टाक. कंपनीचं काय होतं ते मला विचारू नकोस.

ताई


३० नोव्हेंबर

ताई,

उशीर झाला, पण हे पत्र मी रिकाम्या हातानं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सोबतचं पार्सल बघ.

तुझं बोलणं काढलं. अगदी तू सांगितलंस तसं. कंपनीवाल्यांशी मी जन्मात कोणाशी भांडलो नाही एवढा भांडलो. ते म्हणत होते, आवाजाशिवाय गाणं नको, आणि गाण्याशिवाय अल्बम नको. ठोक्या माझ्याशी बोलेनासा झाला होता. आम्ही एकदा नुसत्या वाद्यांवर करून पाहिलं. खरं सांगतो, काहीच उरत नव्हतं, पडदे काढलेल्या घरासारखं वाटत होतं. शेवटी मीच मार्ग काढला.

आता तिथे तुझा आवाज नाही. नाटकात काम करणारी एक अभिनेत्री आहे, नावाजलेली आहे, तिनं ते बोलणं म्हटलंय. तुझाच मजकूर, पण आवाज तिचा आणि कव्हरवर नावही तिचं. म्हणजे आता कोणी ओळखायचा प्रश्नच मिटला. तिनं मनापासून केलं हं. तुझे सगळे निरोप तिनं दोन दिवस बसून ऐकले, श्वास कुठे घेतेस, कुठे थांबतेस ते सगळं टिपून घेतलं. शेवटच्या 'उचल ना'ला तर ती खरोखर रडली, आम्ही ते तसंच ठेवलंय. काम झाल्यावर मी सगळे निरोप पुसले. तिच्याकडची प्रतही परत मागितलीय, ती देते म्हणालीय.

आईचा शब्द न् शब्द वाचून मला फार वाईट वाटलं. ते मी बँडमध्येही कोणाला वाचून दाखवलं नाही.

तू सांगितलेलं सगळं केलंय. लांबूच्या जागी दुसरा मुलगा आलाय, बरा वाजवतो. जानेवारीत आम्ही दौऱ्यावर निघतोय, वाटेत आपलं घर लागतं. एक दिवस उतरेन म्हणतोय. येऊ ना? फोनवर नको तर दोन ओळी लिही.

तुझाच,
बारक्या


१४ डिसेंबर

बारक्या,

पार्सल मी उघडणार नव्हते. आईनं उघडलं. ती मावशीकडून गेल्या आठवड्यात परत आली, आणि टेबलावर ते तसंच बांधलेलं पाहून म्हणाली, पाठवलंय त्यानं तर ऐकू या. मी म्हटलं, ऐकण्यासारखं नाही. ती म्हणाली, "मागच्या वेळी मी एकटीनं ऐकलं. या वेळी दोघी ऐकू."

म्हणून आम्ही मैत्रिणीकडे गेलो. तिनं नवऱ्याला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं होतं. आईनं थेट 'जिना'च लाव म्हटलं. मी जमिनीकडे बघत बसले होते. ती बाई बोलायला लागली, सगळे शब्द माझे, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आई पुढे वाकून ऐकत होती. जखमेचं आलं, दाराशी उभी राहणारी आई आली, नाटकाचं आलं. ती बाई 'नाटक' हा शब्द असा दात ओठ खाऊन म्हणते की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग ती रडली आणि तुमचे ड्रम सुरू झाले.

आई म्हणाली, "ही तू नाहीस."

मी म्हटलं, शब्द माझेच आहेत गं.

"असतील," ती म्हणाली. "पण ही चिडलेली आहे. तू चिडलेली नव्हतीस, तू दमली होतीस. मी तेव्हा शब्दच ऐकत बसले. आज ही बाई बोलली तेव्हा कळलं, तुझा आवाज कसा होता."

हे तुझ्यामुळे झालं असं तुला वाटेल, आणि तू ते कोणालातरी सांगशीलही. म्हणून स्पष्ट लिहिते. तू हे जुळवायला केलं नव्हतंस. तुझं गाणं वाचवायला केलंस. मी तुझ्याकडे माझं बोलणं परत मागितलं होतं, आणि तू ते उचलून दुसरीच्या तोंडात घातलंस. वर माझ्या बाकीच्या दुपारी तिला दोन दिवस बसवून ऐकवल्यास, जे मी पुसून टाक म्हणत होते तेच. मी श्वास कुठे घेते तेसुद्धा आता एका परक्या बाईनं टिपून ठेवलंय. आणि शेवटी लिहितोस, तू सांगितलेलं सगळं केलं. मला वाटतं, तुला खरोखरच तसं वाटत असणार. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

जानेवारीत येऊ का विचारलंस. घर तुझंही आहे, ये. आई तुला जेवायला वाढेल, तुझे कपडे धुऊन देईल, दौऱ्याचं विचारेल. मी लॅबमधले गमतीचे किस्से सांगेन. थंडी किती पडलीय आणि वकीलकाकांची तब्येत कशी आहे यावर आपण तिघं बोलू. त्यापलीकडचं काही आमच्यापैकी कोणी तुझ्यासमोर बोलणार नाही. तू फोन बाहेर ठेवून आलास तरी नाही.

त्या दिवशी मैत्रिणीकडून परत येताना आईचे गुडघे दुखायला लागले. तिनं ते आपणहून सांगितलं. आम्ही पोस्टाच्या बंद दारासमोरच्या बाकावर बसलो. पुष्कळ बोललो. बाबांबद्दल, त्या खोलीबद्दल, तुझ्याबद्दलही. ती मध्येच हसली आणि मग आम्ही दोघी रडलो.

काय बोललो ते तुला लिहीत नाही.

ताई